फुलं कापायची नाहीत

मालगुंड म्हटलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. "गणपतीपुळ्याच्या जवळचं ना?" आणि "केशवसुतांचं ना?" दोन्हीचं उत्तर हो. केशवसुतांचा जन्म इथला, १८६६ सालचा, आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्यांच्या स्मारकाचं उद्घाटन झालं, तेही इथेच. पण आज केशवसुतांवर लिहायचं नाहीये. आज लिहायचंय ते आईच्या ट्रंकेतल्या तीन वार कापडावर. म्हणजे खरं तर एका गोधडीवर. आणि ओघात थोडंसं इतिहासावर, कारण गोधडी शिवायला बसलं की हाताला काम असतं आणि डोकं मोकळं असतं. मग ते कुठे कुठे जातं!

गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. आई आता ऐंशी पार. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण सुईत दोरा ओवायला कुणीतरी लागतं. एका दुपारी म्हणाली, "ट्रंक उघड गो. ते कापड काढ. गोधडी शिवू या."

ते कापड म्हणजे कुठलं, हे आमच्या घरात कुणालाच विचारावं लागत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईला गिरणीत होते. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून झोपायला जागा पुरायची, आणि जेवण खाणावळीतल्या बाईकडे. वर्षातून दोनदा घरी यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. १९८१च्या गणपतीत त्यांनी गिरणीच्या दुकानातून हे कापड आणलं होतं. तीन वार, छत्तीस इंच पन्ह्याचं. सायीच्या रंगाच्या जमिनीवर ताटलीएवढी मोठाली लाल-जांभळी फुलं, देठापानांसकट. ते फूल कशाचं, यावर आमच्या घरात चाळीस वर्षं वाद आहे. आई म्हणते जास्वंद, मी म्हणते कमळ, आणि भाऊ म्हणतो की डिझाइनवाल्याने कोबी बघून काढलंय.

अण्णा साचेखात्यात होते. म्हणजे मागावर. तिथून कापड निघायचं ते कोरं. पुढे ते धुलाईला, रंगाला, छपाईला जायचं. त्या खात्यांशी अण्णांचा संबंध नव्हता. ते म्हणायचे, "कापड माझं, फुलं दुसऱ्याची." ते कापड त्यांच्याच साच्यावरचं होतं का, कुणास ठाऊक. पण त्या गणपतीत घरी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते उलगडून दाखवलं होतं, एवढं मला लख्ख आठवतंय.

आईने ठरवलं, याचे पडदे करायचे. मग वाटलं, पडदे उन्हाने विटतील, त्यापेक्षा माझ्यासाठी परकर. मग वाटलं, परकराला एवढी मोठी फुलं कापली जातील. फूल अर्धं दिसलं तर त्यात काय मजा? होता होता कापड ट्रंकेत गेलं. "बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ला, गिरण्यांचा संप सुरू झाला.

त्या संपाबद्दल खूप लिहिलं गेलंय. दत्ता सामंतांचं नेतृत्व, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि रीतसर मागे असा कधीच न घेतला गेलेला संप. आमच्यापुरतं सांगायचं तर अण्णा त्या शिमग्याला आले ते परत गेले नाहीत. गेले एकदोनदा, चौकशी करून आले. पुढे आंब्याच्या बागांत राखणीची, फवारणीची कामं केली. मनीऑर्डर बंद झाली. आईची पाटली गेली, मग घरातली पितळी भांडी गेली. ट्रंकेतलं कापड मात्र राहिलं. नाही तरी तीन वार कापडाचे कितीसे आले असते? पण ते न विकण्याचं कारण ते नव्हतं. आता दुसरं येणार नव्हतं, हे होतं.

तर अशा कापडाची गोधडी करायची म्हणजे आधी मला धक्काच बसला. कारण गोधडी नव्या कापडाची कधी असते का? गोधडी म्हणजे शेवटचा मुक्काम. लुगडं आधी नेसायचं, मग घरात वापरायचं, मग त्याचं दुपटं, मग फडकं, आणि जे उरेल ते गोधडीच्या पोटात. देशावर वाकळ म्हणतात, सीमेकडे कौदी म्हणतात, पण हिशोब सगळीकडे तोच. चिंध्या जोडायच्या. डेबूजी झिंगराजी जानोरकर ठिगळांचं वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव फिरले, तर लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायला लागले. त्यांनाच आपण गाडगेबाबा म्हणतो. म्हणजे गोधडी हा शब्दच मुळी 'काही उरलं नाही'च्या जवळचा. आणि इथे तर कोरं, एकदाही पाणी न लागलेलं कापड!

आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. मोठ्या फुलांचं कापड आणि गोधडी यांचं जमत नाही. गोधडीला लहान तुकडे लागतात, आणि मोठं फूल तुकडे करू देत नाही. बारीक बुट्टीचं कापड कुठेही कापा, ते आपलं तसंच दिसतं. ताटलीएवढं फूल कापलं की ते काय होतं हे कळेनासंच होतं, नुसता लाल डाग उरतो.

हा प्रश्न फक्त आमच्या पडवीतला आहे असं मला वाटत होतं. पण नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की लोक यावर चांगली तीन-चारशे वर्षं डोकं खाजवतायत. आणि त्याची सुरुवात आपल्याकडूनच झालीय.

आपण ज्याला चीट म्हणतो (चिटाचं परकर-पोलकं आठवतंय ना?) तोच शब्द इंग्रजांनी नेला आणि त्याचं 'चिंट्झ' केलं. हे चीट पूर्वी छापायचे कमी, हाताने रंगवायचे जास्त. मछलीपट्टणम आणि तिथून खाली कोरोमंडलचा सगळा किनारा यासाठी प्रसिद्ध. पद्धत अशी, की कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. मग लोखंडाच्या आंबवलेल्या पाण्याने काळ्या रेघा काढायच्या. जिथे लाल हवंय तिथे तुरटीचं पाणी लावायचं आणि सगळं कापड रंगाच्या मुळांच्या पाण्यात उकळायचं. तुरटी लावली तिथेच लाल पक्कं बसतं. निळ्यासाठी बाकीचं कापड मेणाने झाकून निळीत बुडवायचं. हिरवं पान हवं असेल तर निळ्यावर शेवटी पिवळा हात फिरवायचा. हा पिवळा मात्र कच्चा. म्हणून संग्रहालयांतल्या जुन्या चिटांवर पानं निळी दिसतात. ती निळी रंगवलेली नव्हती, त्यांचं पिवळं उडून गेलंय!

युरोपात तेव्हा धुतल्यावर टिकणारी अशी रंगीत फुलं कापडावर कुणाला जमत नव्हती. त्यामुळे तिकडे या कापडाचं वेड लागलं. रजया तर त्याआधीपासूनच परदेशी लोकांच्या नजरेत भरलेल्या होत्या. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या दुआर्ते बार्बोझा नावाच्या पोर्तुगीजाने खंबायतच्या वर्णनात तिथल्या सुंदर रजयांचा मुद्दाम उल्लेख केलाय.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या मालकांनी हिंदुस्थानातल्या आपल्या माणसांना पत्र लिहिलं. तक्रार रजयांबद्दलच. तुम्ही पाठवता त्या रजयांची जमीन उदास तांबडी असते, ती इथे खपत नाही. यापुढे पांढरी जमीन जास्त ठेवा आणि रंगीत फुलं-फांद्या मधोमध येऊ द्या, असा त्याचा आशय. पुढे पलंगपोस नावाने जे प्रचंड कापड इथून गेलं (त्याचंही त्यांनी 'पॅलमपोर' केलं) त्यात हेच दिसतं. मधोमध एक मोठं झाड, एकाच झाडाला दहा जातींची फुलं, आणि भोवती मोकळी जमीन. थोडं इराणी, थोडं चिनी, थोडं इंग्रजांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून, थोडं रंगाऱ्याच्या मनातलं. म्हणजे कुठल्याच बागेत न उगवणारं फूल ही काही आमच्या गिरणीची खासियत नाही, तीही जुनीच परंपरा आहे! भावाला हे सांगितलं पाहिजे.

मग व्हायचं तेच झालं. तिकडच्या विणकरांचा धंदा बसायला लागला. फ्रान्सने १६८६ साली रंगीत सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० साली बाहेरच्या छापील कापडाला अडवलं आणि १७२१ साली तर छापील सुती कापड वापरण्यावरच कायद्याने बंदी आणली. ती उठली १७७४ला. त्याआधी १७१९ साली लंडनच्या विणकरांनी रस्त्यात चिटाचे झगे घातलेल्या बायकांना गाठून त्यांचे कपडे फाडले, अंगावर शाई आणि तेजाब फेकलं. एका फुलाच्या कापडापायी!

अशा वेळी ज्यांच्याकडे ते कापड असेल, त्या बायका काय करत असतील? तुकडा तुकडा जपत. इंग्लंडमधली सगळ्यात जुनी म्हणून जी गोधडी सांगितली जाते, ती उत्तरेकडच्या लेव्हन्स हॉल नावाच्या वाड्यात आहे, साधारण १७०८ची. ती आपल्या चिटाच्या तुकड्यांची आहे. पुढे तिकडे एक रीतच पडली. चिटातलं एकेक फूल कात्रीने कडेकडेने कापून काढायचं आणि पांढऱ्या साध्या कापडावर दूर दूर मांडून शिवायचं. वारभर चिटात अख्खी चादर फुलांनी भरायची. थोडक्यात काय, तर फूल मोडायचं नाही आणि कापड पुरवायचं, ही कसरत आमच्या आईच्या आधी पुष्कळ जणींनी केलेली होती.

पुढचा भाग आपण शाळेत शिकलोय. १७८३ साली टॉमस बेलने नक्षी कोरलेल्या तांब्याच्या रुळांनी छपाई करायचं पेटंट घेतलं, आणि मग फुलं उलट दिशेने यायला लागली. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ला पहिली गिरणी उभारायला घेतली, पण आपल्या गिरण्या बराच काळ सूत आणि जाडंभरडं कापडच काढत होत्या. फुलांचं तलम चीट हवं तर ते विलायती. म्हणून १९०५ला पुण्यात आणि ३१ जुलै १९२१ला परळला विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, तेव्हा त्यात ही फुलंही जळली असणार. आपलीच फुलं, फक्त फिरून आलेली.

आणि तेव्हापासून साठ वर्षांनी त्याच गिरणगावातल्या एका गिरणीने फूल छापलं, आणि ते तीन वार मालगुंडला आलं. असो. पुन्हा पडवीत येते.

ट्रंकेतून कापड काढलं. डांबरगोळ्यांचा वास. आईने हाताने चाचपून पाहिलं, आणि मी घडी उलगडायला लागले. दुसऱ्याच घडीला बारीक आवाज आला. कागद फाटल्यासारखा.

कापड घडीवर विरलं होतं. चाळीसहून जास्त वर्षं एकाच घडीत. गिरणीची खळ तशीच अंगात, त्यात आमच्याकडची पावसाळी हवा. मधली उभी घडी जवळजवळ संपूर्ण गेली होती, आडव्या दोन घड्या हात लावला तिथे सुटत होत्या. बाकीच्यांवर पिवळ्या रेघा. त्यातली एक रेघ बरोबर एका फुलाच्या पोटातून गेलेली.

मला खरंच रडू आलं. एवढं जपून जपून! आई काही बोलली नाही. तिने पुन्हा एकदा त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आपण नाही कापलं म्हणून काय झालं? ट्रंकेने कापलंन." आणि जरा वेळाने, "आता घडीघडीवर काप. आज तीन गेल्यात, उद्या बाकीच्या जातील."

म्हणजे जी बाई मला आयुष्यभर 'फुलं कापायची नाहीत' म्हणत आली, तीच आता कात्री घे म्हणत होती.

कापड लांबीत सहा पदरी आणि रुंदीत दोन पदरी घडी केलेलं होतं. म्हणजे घडीघडीवर कापल्यावर अठरा इंचांचे बारा चौकोन निघाले. ते आधी परातीत गार पाण्यात भिजवले. रंग नाही गेला, खळ मात्र गेली. सावलीत वाळवून प्रत्येक बाजूने विरलेली एक इंच कड काढून टाकली. राहिले सोळा इंचांचे बारा चौकोन. मोजलं, तर आठ फुलं अखंड होती. चार चौकोनांत अर्धीमुर्धी आली होती. इतक्या वर्षांच्या धास्तीच्या मानाने हे काहीच नव्हतं.

आता जोडायचे कसे? मी म्हटलं, एकमेकांना जोडून टाकू. आई म्हणाली, "नको. गर्दी होईल. मध्ये पांढरी पट्टी घाल. पांढऱ्यावर फूल उठतं." कंपनीचं ते पत्र मी तेव्हा वाचलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा पहिली आठवण आईच्या या वाक्याची झाली. लंडनच्या सावकारांना आणि मालगुंडच्या माझ्या आईला एकच गोष्ट हवी होती.

पांढऱ्या पट्ट्यांसाठी तिने अण्णांचं एक धोतर काढलं. माझ्या लग्नात आहेरात आलेलं, एकदाही न नेसलेलं. अण्णांना जाऊनही आता बरीच वर्षं झालीत. त्याच्या चार-चार बोटं रुंद पट्ट्या फाडल्या. चार इंच म्हणाल तर चार इंच. तीन चौकोन आडवे, चार उभे, मध्ये आणि कडेने पट्ट्या. शिवणीत जातं ते जाऊन साधारण पाच फूट रुंद आणि सात फुटांना जरा कमी अशी लांबी झाली. पोटात आईची दोन जुनी सुती लुगडी, आणि खाली मांजरपाट. एवढंच. नक्षी नाही, त्रिकोण नाहीत, काही नाही. ज्याला शिवण नीट येत नाही त्यालाही जमेल अशी गोधडी. मोठ्या फुलांच्या कापडाला हेच बरं, असं आता माझं मत झालंय. कापडानेच जर एवढं बोलायचं ठरवलंय, तर आपण मध्ये बोलू नये.

पडवीत चटईवर पसरून, सगळे थर ताणून, आधी लांब टाक्यांनी कच्चं घालून घेतलं. मग कडेपासून आत आत धावदोरा, दोन-दोन बोटांच्या अंतराने. दोरा मी ओवायची, टाके आई घालायची. शेजारच्या दोघी दुपारी येऊन बसायच्या. चौघींनी चार बाजूंनी शिवत आत यायचं, तेव्हा गोधडी सरळ येते. एकटीने शिवली की चुण्या पडतात, हे मला तेव्हा कळलं. शिवण एका अखंड फुलावर आली तेव्हा मी थांबले. म्हटलं, कडेकडेने फिरवून घेऊ का? आई म्हणाली, "पांघरायचंय की भिंतीवर लावायचंय?" आणि सुई सरळ फुलातून गेली.

कापडाची किनार मी कापून बाजूला ठेवली होती. त्यावर गिरणीचं नाव छापलेलं होतं, आणि शेजारी सहा रंगांचे सहा ठिपके. छपाईत जितके रंग तितके ठिपके. म्हणजे त्या फुलावर रंगांचे सहा हात फिरले होते. ती किनार मला घरी घेऊन जायची होती, एखाद्या वहीत ठेवायला. संध्याकाळी शोधली तर सापडेना. आईला विचारलं, तर म्हणाली, "घातली पोटात. लुगड्याला भोक होतं तिथे." मी क्षणभर चिडलेच. मग विचार केला, वहीत ठेवून मी तरी काय केलं असतं? परत एक घडीच.

अकरा दिवसांत गोधडी झाली. कातळावर एक ऊन दिलं. संध्याकाळी आणायला गेले तर लांबूनच फुलं दिसत होती. तो सडा उन्हाळ्यात नुसता काळा असतो, त्यावर ती बारा फुलं... म्हणजे आठ आणि चार अर्धी.

तुमच्याकडेही असं एखादं न कापलेलं कापड असेल तर दोन गोष्टी सांगते. ठेवायचंच असेल तर आधी धुऊन खळ काढा, सुती फडक्यात गुंडाळा, आणि वर्षातून एकदा तरी घडी बदला. आणि ठेवायचं नसेल तर फारच बरं.

गोधडी मालगुंडलाच आहे. मी निघायच्या आदल्या दिवशी भावाच्या नातीने तिच्यावर कपभर चहा सांडला. अखंड फुलांपैकीच एकावर. मी धावले, पोरगी घाबरून कोपऱ्यात गेली. आईने चष्मा लावून डाग पाहिला, तांब्याभर पाणी मागवलं, जरासं पुसलं आणि म्हणाली, "झाली आता गोधडी."

डाग अजून आहे म्हणे.